चकचकीत डाळिंबं

धाकट्या भावाची डाळिंबं समुद्रावर होती, तोवर मला धड झोप नव्हती. सांगोल्याला त्याचं फळं निवडून खोक्यांत भरायचं पॅकहाऊस आहे. दुबईला तो बरीच वर्षं माल पाठवतो, पण अमेरिकेला हा पहिलाच कंटेनर. इथल्या आयातदारानं साफ सांगितलं होतं, माल कसा खपतो ते बघू, मग दुसऱ्या ऑर्डरचं बोलू.

त्यातली बरीच खोकी आमच्या एडिसनमध्ये, भारतीय दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवरच्या नेहमीच्या दुकानात आली. झालं, माझा जीव टांगणीला लागला. रोज लंच ब्रेकमध्ये मी गाडी काढायची आणि कोथिंबिरीच्या जुडीचं निमित्त करून डाळिंबं बघून यायची. घरी कोथिंबीर सडायला लागली. नवरा म्हणाला, "तू आता तिथे नोकरीच धर."

भावाची फळं दिसायला देखणी, गोल, लालचुटूक, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. शेजारी चिली देशातून आलेली, खरबरीत सालीची, कोपरे आलेली. आणि गिऱ्हाईक चिलीकडे वळत होतं. मला इतका संताप यायचा की एकेकाचा हात धरून सांगावंसं वाटे. शनिवारी सुट्टीच्या सकाळी गेले, तेव्हा नागपूरकडच्या एक काकू तिथे उभ्या होत्या. त्यांनी आमचं फळ उचललं, फिरवून पाहिलं आणि परत ठेवलं.

"इतकं गुळगुळीत? मेण लावलं असन नाही तर कच्चं असन," त्या सोबतच्या आपल्या मुलाला म्हणाल्या.

"आई, जस्ट पिक वन," तो फोनमधून मान वर न काढता म्हणाला.

काकूंनी चिलीची चार घेतली. मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत बाकीची खरेदी उरकली आणि बिलाच्या रांगेत उभी राहिले. बास्केटमधून एकेक वस्तू बाहेर काढताना हात थांबला. तीन डाळिंबं होती, तिन्ही चिलीची. मीच बोटानं टकटक करून, कोपरे चाचपून निवडलेली. गोल ते कच्चं, कोपरे आले की दाणा भरला, हे आईनं आम्हा दोघांना लहानपणीच शिकवलेलं. माझे कान तापले. मागे रांग वाढत होती, मी बिल दिलं आणि निघाले.

घरी पोचते तोच भावाचा व्हिडिओ कॉल.

"ताई, काय म्हणतंय मार्केट?"

मी काकूंचं सांगितलं.

"अगं, आतून भरलेलीच आहेत ती! कोपऱ्याची मुद्दाम बाजूला काढली आम्ही. अमेरिकेतल्या लोकांना एकसारखं, चकचकीत लागतं, असं आयातदार म्हणाले."

"अरे, पण ओक ट्री रोडवर अमेरिकेतले लोक म्हणजे आपणच ना!"

त्यानं एकदा मागे वळून पाहिलं. त्याच्या मागे पॅकहाऊसमधल्या बायका क्रेट उचलत होत्या. दुसरी ऑर्डर आली नाही तर त्यांना काय सांगायचं, ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

मग त्यानं विचारलं, "तू कुठली घेतलीस?"

खोटं बोलता आलं असतं. पण फोन ओट्यावर टेकवलेला आणि पिशवी शेजारीच उघडी.

"चिलीची," मी म्हटलं.

"काप बघू एक."

मी कापलं. तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मी चार दाणे तोंडात टाकले.

"गोड आहे का गं?"

हो म्हणताना मला रडूच फुटलं.