बिनफेसाच्या साबणाच्या रशीदाआपा

आपांची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका टॉवेलमुळे. नेकनूरजवळच्या आमच्या गावात महिलांचं सहकारी ग्राहक भांडार होतं आणि रशीदाआपा त्याच्या अध्यक्ष होत्या. साल दुष्काळाचं. भांडारात विक्रेता हवा म्हणून मी गेलो, तर आपांनी शिक्षण विचारलंच नाही. समोर मळका टॉवेल, फेसाची पावडर आणि एक बादली पाणी ठेवलं. "धुवा," म्हणाल्या. मी धुतला, खळबळला. बादली संपली तरी फेस हटेना. "आता हे पानी शेळीला पाजून दाखवा." बाई डोक्यावर पडलेली दिसते, असं मला मनापासून वाटलं. नोकरी मात्र मिळाली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. टंचाईत आमच्याकडे बाजेवर बसून अंघोळ करतात आणि बाजेखाली घमेलं ठेवतात. त्या पाण्यात कपडे भिजतात, तेच पाणी पुढे लिंबोणीला जातं आणि कपडे खळबळल्याचं शेवटचं पाणी जनावरांना. टँकरचं पाणी असं पुरवून वापरलं तरच दावणीचं जनावर जगतं. जाहिराती बघून गावाला फेसाची गोडी लागली आणि सगळं बिघडलं. फेसाळ पाणी जनावरं हुंगून सोडायची. फारच तहानली की प्यायची आणि आजारी पडायची. हे आपांनी हेरलं. त्यांनी कमी फेसाचा वडीचा साबण आणला आणि सगळ्यात जास्त खपणारी पावडर भांडारातून काढून टाकली.

गाव खवळलं. सर्वसाधारण सभेत आपांच्या शेजारीण गंगाबाई उभ्या राहिल्या. त्यांचं घर दोन शेळ्यांच्या दुधावर चालायचं.

"पावडर कावून बंद केली? फेसच न्हाई आला तर कपडा निघाला कसं कळावं? आमी काय येडे हाव का?"

"येडं कोन म्हनतंय, गंगाबाई? पन ते पानी तुमच्याच शेळ्या पितेत."

"आमच्या शेळ्यांचं आमी बघू!"

टाळ्या पडल्या. आपांना पायउतार व्हावं लागलं आणि पावडर पुन्हा फळीवर आली.

उन्हाळा तापला, टँकर लांबत गेला. एका सकाळी गंगाबाईंच्या दोन्ही शेळ्या पोट फुगून मेलेल्या सापडल्या. आपा सगळ्यांच्या आधी पोचल्या. आता त्या ऐकवणार, असं मला वाटलं. तो हक्कही त्यांना होता. पण त्या गंगाबाईंजवळ मातीत बसून राहिल्या, मग घरून भाकरी आणून त्यांना बळेच खाऊ घातली.

"त्या दिवशी मी लई बोलले, आपा."

"खा आधी."

त्या उन्हाळाभर आपांच्या एकुलत्या शेळीचं अर्धं दूध गंगाबाईंच्या घरी जात होतं. ते पोचवायला आपा स्वतः जात.

पर्यावरणावरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. हार घालून घ्यायचे आणि बाटलीतलं पाणी पिऊन घरी जायचं. आपांनी भाषण कधी केलं नाही. त्या एवढंच म्हणत, "मानूस दुकानात हात कशाला लावतो, तितंच पान्याचं ठरतं." हे वाक्य मला आजही दुकानात गेलो की छळतं.

आपांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात कडू लिहू नये, असं संपादकांनी सुचवलं होतं. पण आपांचा खोटा गौरव मला जमायचा नाही. आपा हरल्या. शेळ्या मेल्यावर गंगाबाईंनी वडी धरली. बाकीच्यांनी चार दिवस हळहळ केली आणि भांडारापेक्षा स्वस्त म्हणून बीडहून पावडरीच्या पिशव्या आणल्या. खप तुटून भांडाराला कुलूप लागलं. ज्या गावानं आपांना उतरवलं, तेच गाव आज त्यांना शाल देतं आहे. त्यांनी ती घ्यायला हसून होकार दिला, हा त्यांचा मोठेपणा.

यंदाही आभाळ कोरडंच आहे. परवा आपांकडे गेलो तेव्हा गंगाबाई अंगणात बसल्या होत्या. भांडार बंद होताना आपांनी घेऊन ठेवलेल्या साबणातली एकच वडी उरली होती. आपांनी ती सुरीनं कापली आणि अर्धी गंगाबाईंच्या हातावर ठेवली. "आता पुढं?" मी विचारलं. "पुढचं तुमी बघा की," आपा म्हणाल्या.

आपा, पंच्याहत्तरीच्या तुम्हाला निरोगी शंभरी लाभो, तुमचे गुडघे आणि तुमची शेळी दोन्ही धड राहोत. आणि ती अर्धी वडी झिजून संपायच्या आत आम्हाला अक्कल येवो.