गोचिडाचे दिवस आणि भुरीबाई

भुरीबाई कुत्र्यापाशी बसली की आधी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघायची. मालक शेजारी उभा राहून काय काय सांगत असे, तिचं तिकडे लक्ष नसे. हिरड्या गुलाबी असल्या तर ती म्हणे, "हं, बोला आता." पांढऱ्या पडलेल्या असल्या तर नुसता कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राही. मालकाला त्यातून समजायचं ते समजे.

इंझोरी गावापासून कोसभर अंतरावर, ओढ्यापलीकडे, बंजाऱ्यांचा पंधरा-वीस झोपड्यांचा तांडा होता. १९११ च्या सुमारास भुरी तिथं लग्न होऊन आली. नवरा देवला लाकडाच्या गाड्या हाकायचा आणि हंगामात इंझोरीच्या शेतांवर कामाला जायचा. भुरीनं माहेरून एक कुत्री बरोबर आणली होती. तिचं नाव धोळी, म्हणजे त्यांच्या बोलीत पांढरी. नव्या घरात पहिले काही महिने भुरी जेवढं धोळीशी बोलली तेवढं कुणाशी बोलली नसेल.

पुढच्या वर्षी श्रावणात धोळीच्या कानांत गोचीड झाले. एकेक एरंडीच्या बीएवढा फुगलेला. कान जड होऊन खाली लोंबत होते. तांड्यातल्या कुणीतरी सांगितलं, सीताफळाच्या बिया वाटून लाव, एक राहायचा नाही. भुरीनं बिया वाटल्या आणि कुत्रीच्या अंगभर, कानांत, कपाळावर लेप चोपडला. धोळीनं पंजानं तोंड पुसलं. संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही डोळे लाल झाले. डावा आठ दिवसांत निवळला. उजव्यावर पांढरा पडदा आला तो कायमचा.

"गोचीड तर मेले ना?" देवला तिची समजूत घालायला म्हणाला.

"मेले. अन् मी तिचा डोळा बी मारला."

धोळी त्यानंतर सहा वर्षं जगली. बाहेर निघाली की आंधळी बाजू भुरीच्या पायाला लावून चालायची. जिनं डोळा घालवला तिच्याच भरवशावर ती बाजू सोडून द्यायची. डोळा गेला त्या दिवसापासून भुरीनं बियांना हात लावला नाही. सीताफळाचा पाला वापरायचा, तोही आधी स्वतःच्या हातावर चोळून एक दिवस थांबायचं, मगच कुत्र्याला. डोळ्यांच्या आणि तोंडाच्या जवळ काही लावायचं नाही. लावलेलं वाळेपर्यंत कुत्र्याचं डोकं मांडीवर धरून बसायचं, म्हणजे ते अंग चाटत नाही.

शिकवणारं कुणी नव्हतं. ती बघत बघत शिकली. भादव्यात कुत्र्यांना ताप यायचा, ती खाणं सोडायची, लघवी तांबडी व्हायची, नाकातून रक्त यायचं आणि चार-सहा दिवसांत मरायची. लोक म्हणत, हवा लागली. भुरीच्या ध्यानात आलं की गोठ्यात निजणारी कुत्री जास्त मरतात, आणि गोठ्यातही भिंतीला भेगा असल्या की जास्त. एकदा तिनं काडीनं भेग उकरून पाहिली. आत गोचिडांची पिल्लं मोहरीसारखी चिकटून बसली होती.

आणखी एक गोष्ट तिनं पाहिली. एकाच गोठ्यातली दोन कुत्री, दोघांनाही सारखेच गोचीड. एक मरतं, दुसरं आठ दिवस पडून उठतं. उठतं ते बहुतेक धडधाकट, पोटभर खाणारं असतं. मग तिनं ठरवलं, आजार अंगात शिरायच्या आधीच अंग तयार करायचं. कडुनिंबावर चढलेली गुळवेल ती उन्हाळ्यात तोडून आणायची, तुकडे सावलीत वाळवायची, कुटून वस्त्रगाळ करायची. मृग लागला की अंगठ्याच्या नखावर मावेल एवढी पूड, ज्वारीच्या कण्या हाडांच्या पाण्यात शिजवून त्यात कालवून, आठवड्यातून तीन दिवस. दसऱ्यापर्यंत. कडू लागतं म्हणून कुत्री तोंड फिरवायची, तेव्हा हाडांचं पाणी वाढवायचं. पायांच्या बोटांत आणि कानांमागे करंजाचं तेल. गोठ्याच्या भेगा निंबाच्या काढ्यात कालवलेल्या मातीनं लिंपायच्या. आणि रोज, एकही दिवस न चुकता, कुत्र्याला मांडीवर घेऊन बोटांनी गोचीड काढायचे, चिरडायचे नाहीत, निखाऱ्यावर टाकायचे.

पहिल्या दोन वर्षांत फरक पडला नाही असं ती स्वतःच सांगे. तिसऱ्या वर्षी तांड्यातल्या नऊ कुत्र्यांतलं एकच गेलं. कुणी वाखाणलं तर म्हणायची, "गुळवेलीनं झालं का हाडाच्या पाण्यानं झालं, मले नाई सांगता येत. मी दोन्ही देतो."

तिचं नाव हळूहळू इंझोरीत पोचलं. १९३४ च्या भादव्यात दौलतरावांनी तिला बोलावणं पाठवलं. दौलतराव गावातले मोठे शेतकरी, अंगापिंडानं थोराड, तोडून बोलणारे. त्यांच्याकडे हिरा नावाचा कुत्रा होता. रानडुकरांच्या कळपात एकटा शिरायचा आणि त्यांना ज्वारीतून हुसकून ओढ्यापार करायचा. त्या हिऱ्यानं चार दिवस खाल्लं नव्हतं.

भुरीबाईनं ओठ वर केला. हिरड्या चुन्यासारख्या होत्या.

"काय देतं?" दौलतरावांनी विचारलं.

"पाणी पाजा. सावलीत ठेवा."

"ते मले बी समजते. औषध दे."

"आता औषधाची वेळ नाई राह्यली, दौलतभाऊ. त्याच्या अंगात रगतच नाई. मी पूड देईन, तो ओकन, अन् त्याचे हाल होतीन."

"तुह्या तांड्यातले कुत्रे जगतात, अन् माह्या कुत्र्याले तू नाई म्हणतं?"

"त्याइले मी मिरगापासून देतो. हे काम आधीचं हाये. रोग जडल्यावरचं नाई."

हिरा दुसऱ्या दिवशी गेला. दौलतरावांनी आपल्या शेताच्या कडेला त्याला पुरलं, आणि मग भुरीबाईला निरोप धाडला की आजपासून माझ्या बांधावर पाय ठेवायचा नाही. त्या बांधावर सात जुने निंब होते आणि त्यांवर मनगटाएवढ्या जाड गुळवेली चढलेल्या होत्या. एवढी चांगली वेल आसपास दुसरीकडे नव्हती. गावात कुणी असंही उठवलं की पाठीवरून हात फिरवताना हिनंच काही केलं. ज्यांच्या कुत्र्यांना ती दोन वर्षं पूड देत होती, त्यांतल्याही काहींनी दारं लोटून घेतली.

देवला चिडला. "सोड आता. कोणासाठी करून राह्यली तू हे?"

"कुत्र्याइनं मले बांधावर येऊ नको म्हटलं का?" ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गुळवेलीसाठी पोहरादेवीच्या बाजूच्या रानांत हिंडली. पहाटे भाकरी बांधून निघायची, दुपारच्या उन्हात भारा डोक्यावर घेऊन परत यायची. वेल बारीक होती, पूड थोडी निघाली. तिनं ती आधी इतरांच्या कुत्र्यांना दिली आणि घरच्या दोघांना नुसत्या कण्यांवर ठेवलं. त्यांतलं एक भादव्यात मेलं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही, देवलानं पुढं सांगितलं म्हणून कळलं.

इकडे दौलतरावांचं दुसरं कुत्रंही गेलं होतं. राखायला कुणी नाही म्हटल्यावर डुकरांनी ओढ्याकाठची सगळी ज्वारी लोळवली. त्यांची बायको कस्तुराबाई रिठदची. पुढच्या वैशाखात ती माहेरी जाऊन टोपलीत दोन पिल्लं घेऊन आली, आणि एका दुपारी तीच टोपली काखेत घेऊन एकटी तांड्यावर गेली. मोठ्या घरची बाई तांड्यावर आलेली पाहून बायका कामं टाकून बाहेर आल्या.

"भुरीबाई, हे दोघं मले दसऱ्यानंतर बी जिवंत पाह्यजेत," कस्तुराबाई म्हणाली.

भुरीबाईनं पिल्लांचे ओठ वर करून पाहिले. हिरड्या गुलाबी होत्या.

"घरी माहीत हाये का, तुमी इथं आल्या ते?"

"नाई."

"मग सांगून या. लपूनछपून दिलं तर रोज कसं देसान? अन् एखादं मेलं तर नाव कोणाचं होईन?"

कस्तुराबाईला राग आला. एवढ्या उन्हात चालत आलेल्या बाईला हिनं परत पाठवावं! पण ती गेली. दोन दिवसांनी पुन्हा आली.

"सांगितलं मी. त्याइनं हो नाई म्हटलं."

"अन् नाई म्हटलं का?"

"नाई बी नाई म्हटलं. जेवून उठून गेले."

"चालते," भुरीबाई म्हणाली. "बसा खाली. पदर खोचा."

पहिल्या दिवशी भुरीबाईनं तिला तांड्यातल्या एका कुत्र्यावरचे गोचीड काढायला लावले. चिमटीत धरून, हळू, सरळ ओढून, तोंड कातडीत न ठेवता. पहिला गोचीड बोटांत फुटला आणि कस्तुराबाई उठून ओढ्यावर हात धुवायला पळाली. परत आली तेव्हा भुरीबाईनं कुत्र्याचा दुसरा कान तिच्यापुढे केला. सातव्या-आठव्या दिवशी कस्तुराबाईचा हात बसला. घरी जाऊन तिनं गड्यांकडून गोठ्याच्या भेगा लिंपून घेतल्या, आणि कुठं राहिलं ते स्वतः काडी घालून तपासलं. दौलतराव ओसरीवरून हे बघत असत.

भादव्याच्या दुसऱ्या आठवड्यात धाकट्या पिल्लाला ताप भरला. कस्तुराबाईनं गड्याबरोबर निरोप धाडला. भुरीबाई गावात आली, पण दौलतरावांच्या वाड्याच्या फाटकाशी येऊन थांबली. आत पाय टाकेना.

दौलतराव ओसरीवर होते.

"उभी काहून राह्यली?" ते म्हणाले. "पिल्लू तिकडे गोठ्याच्या मागं हाये."

हिरड्या फिक्या होत्या, पण पांढऱ्या नव्हत्या. भुरीबाईनं तीन दिवस तिथंच ठाण मांडलं. चिंधी शेळीच्या दुधात बुडवून पिल्लाच्या तोंडात पिळायची, भाताची पेज द्यायची, ओल्या फडक्यानं पोट पुसायची. गुळवेलीचा काढा थेंब-थेंब. कस्तुराबाई हाताशी होती. "वाचते का हे?" असं तिनं दहादा विचारलं, आणि दहाही वेळा भुरीबाईनं तेच उत्तर दिलं, "मले नाई माहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी पिल्लानं मान उचलली आणि चिंधी चोखायच्या ऐवजी चावली. कस्तुराबाई हसली आणि हसता हसता रडायला लागली. दौलतराव जवळ येऊन उकिडवे बसले. पिल्लाकडेच पाहत म्हणाले, "हिऱ्याले बी असंच करता आलं असतं का?"

"त्या दिवशी नाई," भुरीबाई म्हणाली. "दोन महिने आधी बोलावलं असतं तर, कोणाले ठाऊक. कदाचित."

हे 'कदाचित' त्यांना लागलं असावं. त्यांनी खाली मान घातली. "म्या बोलावलंच नाई आधी," ते म्हणाले.

चार दिवसांनी तांड्यातल्या लोकांनी दौलतरावांना ओढा ओलांडून येताना पाहिलं. खांद्यावर गुळवेलीचा भारा होता, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. बरोबर गडी नव्हता. भुरीबाईच्या झोपडीपुढं भारा टाकून ते म्हणाले, "ओली हाये. वाळवून घेजो. बांधावर ये पाह्यजे तवा." आणि पाणी पिऊन परत गेले. तेवढ्यावरून तांड्याला आणि गावाला समजलं की वैर मिटलं. लोटलेली दारं एकेक करून उघडली.

पुढची दहा वर्षं रामनवमीला पोहरादेवीला यात्रा भरली की भुरीबाई झाडाखाली एक पोतं अंथरून बसायची. लांबलांबच्या तांड्यांचे लोक दर्शन करून तिच्याकडे येत. ती पुड्या बांधून देत नसे. मंगरूळकडच्या लखीराम नावाच्या एका व्यापाऱ्यानं, तुझी पूड मी डबीत घालून गावोगाव विकतो, असं सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "डबी घेऊन लोक गोचीड काढनं सोडून देतीन. मंग कुत्रं मरन अन् डबी राहीन." वेल ओळखायची कशी, वाळवायची कशी, किती द्यायची, पाला डोळ्यांपासून किती लांब ठेवायचा, हे ती येईल त्याला सांगे. धोळीचा डोळा कसा गेला तेही सांगे, पहिल्यांदाच सांगे, म्हणजे ऐकणारा पुढचं नीट ऐके.

एकदा ढोरांचा सरकारी डॉक्टर दौऱ्यावर इंझोरीत आला होता. त्यानं तिला अर्धा दिवस प्रश्न विचारले. गोचिडामुळेच हा ताप येतो हे तुला कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं.

"कोण सांगते? म्या भेगेत पाह्यलं," ती म्हणाली. मग तिनंच त्याला विचारलं, "तुमच्यापाशी जडल्यावरचं काही हाये का? माह्यापाशी नाई."

डॉक्टर म्हणाला, सुई असते, पण इकडं पोचत नाही. भुरीबाईनं ती कुठं मिळते, कोण देतं, हे दोनदा विचारून घेतलं आणि कस्तुराबाईला लिहून ठेवायला सांगितलं.

१९४६ च्या चैत्रात, यात्रेहून परतल्यावर, साध्या तापानं दोन दिवसांत ती गेली. तांड्यात आणि गावातही त्या दिवशी कुणी शेतावर गेलं नाही. त्या वर्षी मृग लागायच्या आधी इंझोरीत पंधरा-सोळा घरांचे गोठे लिंपून झाले होते, आणि दौलतरावांच्या बांधावर कुणाच्या ना कुणाच्या घरच्या बायका विळे घेऊन निंबाखाली उभ्या दिसत होत्या.