उंटाचा खडा

टॉवर क्रेनच्या केबिनपर्यंत एकशे बासष्ट पायऱ्यांची उभी शिडी होती. ऑपरेटर सकाळी चढला की संध्याकाळीच उतरे. लघवीला खाली यायला नको म्हणून दिवसभर पाण्याचा थेंब घेत नसे. तेवीस वर्षांत क्रेन त्याच्यासाठी कधी थांबली नव्हती, म्हणून साइटवर त्याला 'उंट' म्हणत. त्याला तो बहुमान वाटे.

रविवारी जेवताना कमरेतून कळ निघाली ती थेट जांघेत. उंट ताटाशेजारीच गडाबडा लोळला. डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली.

"घाम गाळता, वर पाणी पीत नाही. लघवी दाट होते, क्षार साचतात, मुतखडा होतो. फिकट लघवी होईल इतकं पाणी प्या, मीठ कमी करा. एक खडा पडलाय, एक आत आहे. कधी सरकेल, नेम नाही. तोवर शिडी चढू नका."

सोमवारी उंट चढला. साहेबांना सांगितलं असतं तर खुर्चीत दुसरा बसला असता. बायकोने दिलेली पाण्याची बाटली त्याने खालीच ठेवली. भीती मात्र न सांगता सोबत चढली. वर सळयांचा भारा लटकलेला, खाली माणसं, आणि मधे त्याचे दोन हात.

बुधवारी भारा हवेत असताना कमरेत ठसठस सुरू झाली. खाली वॉकी-टॉकीवर इशारे देणारा मेहुणा ओरडला, "दाजी, डोळा लागला का? आणा की इकडे!"

"सगळ्यांना बाजूला घे."

"का?"

"आधी पळ रे!"

माणसं पांगली आणि कळ आली. त्याने क्रेन चालवायचा दांडा सोडला. दांडा सुटला की क्रेन थांबते; भारा जागीच झुलत राहिला. घामाने ओला झालेला हात पँटला पुसून त्याने दांडा पुन्हा धरला आणि दात-ओठ खात वीतभर, वीतभर भारा उतरवला. जमिनीला टेकला तेव्हा त्याला रडू फुटलं.

"दाजी, काय झालं?"

"मुतखडा. रविवारपासून लपवतोय."

वॉकी-टॉकी साहेबांकडेही होता. त्यांनीही सगळं ऐकलं.

"उतरताय ना?" मेहुण्याने विचारलं.

"पाय लटपटतायत. हात सुटेल."

"मग हलू नका. आम्ही दोरी घेऊन येतो. पाणीही आणतो."

"ताईला सांगू नकोस."

"तिचीच बाटली आहे, दाजी. सोमवारपासून इथेच पडलीय."

काचेतून मेहुणा चढताना दिसू लागला. उंट त्याच्या प्रत्येक पायरीला श्वास रोखत होता.