सावलीतला डोळा

अर्धा रस्ता संपला तरी वन्सं बसमध्ये बसायला तयार नव्हत्या. "चालू या गं, पाय मोकळे होतात," म्हणाल्या. पण पाय मोकळे करायला कुणी डोळ्यांच्या दवाखान्याकडे निघत नाही. पोचायला होईल तितका उशीर त्यांना हवा होता. एरवी माझ्या चार पावलं पुढे असणाऱ्या बाई, आज दंडाला धरून होत्या. शेजारून सायकल गेली की त्यांची बोटं माझ्या दंडात रुतायची.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. शिवणाच्या मशीनवर घर ओढलं, धाकट्या भावाला शिकवलं. आणि साठी उलटल्यावर एकाएकी चित्रकलेच्या शिकवणीला जाऊ लागल्या. "अंगाची मापं घेण्यात जन्म गेला, आता तोंडाची घेते," म्हणायच्या.

तिथले मास्तर तेलरंगात चेहरा शिकवताना आधी एखाद्या जुन्या नामांकित चित्राची नक्कल करून घेत. वन्संच्या वाट्याला एक म्हातारा चित्रकार आला. त्याने आरशात बघून स्वतःलाच काढलेलं. बटाट्यासारखं नाक, एक गाल उजेडात, दुसरा सावलीत बुडालेला. "याच्यापेक्षा आमचे अण्णा देखणे होते," वन्संनी पहिल्याच दिवशी निकाल दिला.

माप घ्यायची रीत अशी, की हात ताठ करून ब्रशचा दांडा समोर धरायचा, एक डोळा मिटायचा आणि दांड्यावर नखाने अंतर पकडायचं. वन्सं डावा मिटायच्या. सवयीने रंग लावतानाही तो मिटलेलाच राही. उजेडातला गाल असा उतरला की मास्तर खूश झाले. सावलीची बाजू मात्र वन्संनी सरसकट काळपट तपकिरी करून टाकली.

"बाई, इथला डोळा कुठे गेला?" मास्तरांनी विचारलं.

"मुळात आहे कुठे? नुसता अंधार तर आहे."

"आहे की! नीट बघा."

वन्संनी डावा डोळा मिटून पाहिलं. काही नाही. मग उजवा मिटून पाहिलं. म्हातारा सावलीतून टक लावून त्यांच्याकडे बघत होता.

हे त्यांनी मला स्वयंपाकघरात सांगितलं, नळ सोडून, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. अण्णांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, दृष्टी काचबिंदूने अशीच कडेकडेने गेली होती. शेवटी ताटात काय कुठे आहे ते वन्संच सांगायच्या.

"मला कोण सांगेल गं?"

"मी आहे ना."

"तू? तू सांगत बसशील आणि जेवण गार होईल!" हसल्या आणि नळ बंद केला.

दवाखान्यात त्यांना एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. आत प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. थोड्या वेळाने तपासणारी मुलगी त्यांना बाहेर घेऊन आली.

"आजी, ठिपका नसतानाही दाबताय तुम्ही. असं केलंत तर किती गेलंय, किती वाचवता येईल, डॉक्टरांना कळणार कसं? जरा बसा, पुन्हा करू."

वन्सं बाकावर टेकल्या. "नाही दाबलं तर तेवढा डोळा गेलाच की गं. म्हणून दाबत सुटले."

पदराखाली हात जोडून मी पुटपुटू लागले. वन्संचा देवाशी फारसा व्यवहार नाही, पण त्यांनी ते ऐकलं.

"काय मागतेयस?"

"तुमचा डोळा वाचू दे."

"ते नको मागू." आतून हाक आली. त्या उठल्या, पण माझं मनगट सोडलं नाही. "तुझं ऐकतो ना तो? मग एवढंच सांग त्याला. जो ठिपका मला दिसणार नाही, त्याच्यासाठी माझं बोट हलू देऊ नकोस म्हणावं."