लिंकखालची शांतता

काल दिवसभर फोन हातातून सुटत नव्हता. आमच्या बागवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात आलेल्या शैलाताईंनी सकाळी पहिलाच मेसेज टाकला, तो थेट स्वतःच्या व्हिडिओच्या लिंकचा. ना नमस्कार, ना ओळख. मेसेज सगळ्यांनी पाहिला आणि सगळे गप्प. लगेच खाली कुणीतरी जास्वंदीचा फोटो टाकला, त्यावर मात्र टाळ्यांची रांग लागली.

ग्रुपमधल्याच एका मैत्रिणीने मला वेगळा मेसेज करून विचारलं, "कोण गं ही? आल्या आल्या जाहिरात!" मीही हसरा चेहरा पाठवला.

नियम कुठेच लिहिलेला नाही. आधी महिनाभर इतरांच्या गुलाबांना "वा, सुंदर" म्हणायचं, मग आपली लिंक टाकायची, तीही "चालेल ना?" असं विचारून. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याही पहिल्या लिंकखाली अशीच शांतता पसरली होती, तेव्हा कळलं. तरी मी हसले, आणि तेच टोचत राहिलं. घरी कुणी डबा घेऊन आलं, तर चपला कुठे काढल्या यावरून त्याला आपण दारातच उभं करतो का?

दुपारी शैलाताई ग्रुप सोडून गेल्या. तेव्हा कुठे मी ती लिंक उघडली. मातीने भरलेले हात आणि बावरलेला आवाज: "ग्रुपवर एक ताई विचारत होत्या, मोगऱ्याच्या कळ्या का गळतात. त्यांच्यासाठी हे केलंय."

विचारणारी मीच होते. कुणी उत्तर देत नाही म्हणून चार दिवस रुसलेही होते.