तलवारींच्या शेताची राखणदारीन

आधीच सांगून ठेवते, हे मी माह्या बोलीत सांगणार आहे. ज्याले गावठी वाटते त्यानं खुशाल पान उलटावं. हा शब्द एकदा एका मॅडमच्या तोंडून ऐकला, तेव्हा माहं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलं नाही.

सिंधूताई माही आत्या. माह्या बाबाची, इंद्रभानची, मोठी बहीण. अमडापुरात आमच्याच घरी राहते. अंगानं काडी, पण आवाज असा, का पत्र्यावरून कोणी लोखंडी पहार ओढून राह्यलं. शाळेत तिले प्रार्थनेच्या रांगेत मागं उभं करत. विहारात वंदना म्हणाले बसली, तं बायका कोपरानं ढोसत, "हळू वं सिंधू, लेकरं दचकून राह्यले."

पण हरभरा घाट्यावर आला, का साऱ्या शिवाराले तोच आवाज पाहिजे. आमच्याकडे वांदरांचे कळप, रोही म्हणजे नीलगाई, रानडुकरं. राखल्याशिवाय पीक घरात येत नाही. आत्या मचाणावर उभी राहून हाक टाकते अन् वांदरं मागं न पाहता पळतात. लोक तिले राखणीचं धान्य देतात, त्याच्यावर तिचं चालते.

या हाकेचा एक रिवाज आहे. एकानं हाक टाकली, का बाजूच्या वावरातल्यानं "होऽ" द्यायचा, मग त्याच्या पलीकडच्यानं. "होऽ" म्हणजे मी जिता आहे, जाग्यावर आहे. जवाब आला नाही, तं हातातलं काम टाकून पाहाले धावायचं. साप चावलेला, चक्कर येऊन पडलेला माणूस असाच सापडते. भांडण असो का वैर असो, जवाब चुकवायचा नाही. रुखमाबाई आत्याशी कित्येक वर्षं बोलत नाही, पण "होऽ" मात्र देते, तोंड वाकडं करून का होईना.

आत्याचं लग्न डोणगावले झालं होतं. तिथंही वावरात राखणीले तीच, अन् घरात सासू मनकर्णाबाई म्हणे, "सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ नये." वा रे वा न्याय! पीक वाचवाले आवाज चालते, बोलाले चालत नाही. एक दिवस घरी पाहुणे आले. वावर घराले लागूनच. आत्याची हाक ऐकून पाहुण्यानं विचारलं, "हे कोण हो?" सासू म्हणाली, "राखणदारीन हाय, रोजानं लावली." नवरा बाजूलेच बसला होता, मूग गिळून. त्याच वेळी आत्या पाणी प्यायले मागच्या दारानं आली होती. तिनं सारं ऐकलं. तांब्या तिथंच ठेवला अन् नेसत्या लुगड्यानिशी अमडापूरले आली. परत गेली नाही, अन् न्यायले कोणी आलंही नाही.

आता माहं सांगते. मी दीपमाला, पुण्याले एका छोट्या कंपनीत मोबाईलच्या गेमसाठी आवाजाचं काम करते. तेव्हा एक गेम बनून राह्यला होता, त्यात सारं जग लोखंडाचं. आभाळ तांबडं, डोंगर जळके, बैल पोलादी, अन् संगीत पुरं हेवी मेटल. गिटार करवतीसारखी चालते, ड्रम छातीत वाजते, गाणारा घशाच्या बुडातून गुरगुरते. त्या जगात वावरं आहेत, पण ज्वारीची नाही, त्यात तलवारी उगवतात. राक्षस ते पीक लुटाले येतात अन् लोहराणी डरकाळी फोडून त्यायले पळवते. घोडं अडलं होतं ते या डरकाळीपाशी. लांब केसांचे पोट्टे आले अन् घसे बसवून गेले. शिकलेल्या गायिका आल्या. आमच्या मालकीण छाया मॅडम दर वेळी मान हलवत, "छान आहे, पण भीती वाटत नाही."

एक दिवस मी मोबाईलवर भरून आणलेली आत्याची हाक लावली. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "कोण आहे हा?"

"हा नाही मॅडम, ही," मी म्हटलं. "माही आत्या आहे."

झालं, आत्या पुण्याले आली. तिले गेमचं चित्र दाखवलं, तं तलवारींचं वावर पाहून म्हणाली, "लय दाट पेरलं वं. पण राखणच हाय ना? मंग काय भ्यायचं."

काचेची खोली, भिंतीले गाद्या, कानावर हेडफोन. आत्यानं हाक टाकली. बाहेर बसलेल्या ड्रमवाल्या पोट्ट्याचा वडापाव हातातच राह्यला. आम्ही सारे गप्प. आत्या कान देऊन उभी. अन् मग एकदम तिनं हेडफोन फेकला, दार ढकललं अन् धावत आमच्याकडे आली. "काय झालं? कोन पडलं?"

सारे खो खो हसले. मले मात्र धस्स झालं, कारण मले कळलं होतं. हाक टाकली अन् जवाब आला नाही, म्हणून ती आम्हाले पाहाले आली होती.

"आत्या, इथं जवाब द्यायचा नसते."

"काऊन नसते? एवढे जन बसले, एकाच्याबी तोंडात जीभ नाई?"

मग ती आत गेली अन् मी माईकवरून "होऽ" दिला. तेव्हा कुठं दुसरी हाक आली, पहिलीहून दणदणीत. मॅडम टाळ्या वाजवत उठल्या.

पुढं राणीचं वाक्य होतं: "माझ्या राज्यात पाऊल टाकण्याचं धाडस कुणी केलं?" आत्यानं ते वाचलं अन् कागद बाजूले ठेवला. "असं कोन बोलते माय? तवरोक राक्षस पीक खाऊन ढेकर देईन." अन् आपल्या मनानं गरजली, "काऊन आला बे माह्या वावरात? पाय ठेवशीन तं टांग मोडीन!"

माह्या अंगावर काटा आला. मॅडम हसून म्हणाल्या, "किती गोड! पण राणी आहे ती, इतकं गावठी नको. डरकाळी यांची ठेवू, संवाद नटीकडून करून घेऊ. नाव अर्थात नटीचंच जाईल."

आत्यानं शांतपणे विचारलं, "म्हंजे वरडाले मी, अन् रानी दुसरीच?"

"तसंच असतं हो, आजी."

"असते, मले मालूम हाय. डोनगावातबी असंच होतं. पीक राखाले सिंधू, अन् पाव्हन्यापुढं सिंधू रोजाची बाई! ज्या तोंडाची हाक, त्याच तोंडाचा बोल. घ्याची तं पुरी सिंधू घ्या, नाई तं पुसून टाका."

मॅडम माह्याकडे वळल्या. "दीपमाला, फाईल नीट ठेव, आणि यांना चहा सांग."

खोटं कायले बोलू, नोकरीची मले गरज होती. अमडापुरातून निघून या खुर्चीवर बसेपर्यंत माह्या टाचा झिजल्या होत्या. पण आत्या माह्याकडे पाहत होती. हाक तिनं टाकली होती अन् जवाब द्यायची पाळी माही होती. मी साऱ्यांदेखत फाईल पुसली अन् मोठ्यानं म्हटलं, "पुसली, आत्या."

"उद्यापासून येऊ नकोस," मॅडम म्हणाल्या.

"उद्या कायले? आजच जाते!" मी म्हटलं अन् पर्स उचलली. अहाहा, काय गार वाटलं! बसमध्ये बसल्यावर मात्र खोलीच्या भाड्याचा हिशोब बोटावर मोजू लागली. आत्यानं माहा हात धरून ठेवला, आमच्या तालुक्याची चिखली येईपर्यंत सोडला नाही.

महिनाभरानं मॅडमचाच फोन. नटीची राणी कोणाले भेव दाखवत नव्हती, अन् ऑफिसातले पोट्टे येताजाता एकमेकाले "टांग मोडीन" म्हणून राह्यले होते. मॅडम म्हणाल्या, "तू परत ये, आणि त्यांनाही घेऊन ये." आत्यानं फोन माह्या हातून ओढला. "मी येत नाई. तुमी या. बोल माहे, नाव माहं, अन् जवाब पायजे!"

अन् मॅडम आल्या ना! जाड बूट घालून हरभऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहिल्या. मी माईक लावले. आत्यानं मचाणावरून हाक टाकली. पलीकडच्या वावरातून जहांगीर चाचानं "होऽ" दिला, मग रुखमाबाईनं दिला. पुढच्या धुऱ्यावर मॅडम होत्या. तिथून काहीच नाही. सारं शिवार थांबलं.

"ओ बाई!" आत्या वरून ओरडली. "जित्या हाय का?"

"हो," मॅडम पुटपुटल्या.

"मोठ्यानं!"

"होऽऽ!" मॅडम अशा ओरडल्या का त्यायचा घसाच बसला. त्यानंतर त्या कोणाले गावठी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

गेम निघाला. त्यात राणी हाक टाकते, अन् खेळणारा मोबाईलमध्ये "हो" म्हणल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. सुरुवातीलेच मोठ्या अक्षरात नाव येते: लोहराणी, सिंधूताई, अमडापूर.

परवा मी अमडापुरात असताना डोणगावहून सारिकाचा फोन आला. आत्याच्या जावेची पोरगी, कॉलेजात शिकते. तिनं माजघरात बसून गेम लावला, आवाज मोठा करून. राणीनं हाक टाकली. तिची आजी, म्हणजे आत्याची सासू मनकर्णाबाई, आता खाटेवरच असते, घरातल्या माणसायले ओळखत नाही. पण ती हाक ऐकली अन् म्हातारी कोपरावर उठली, अन् साऱ्या घराले ऐकू जाईन असा जवाब दिला, "होऽऽ!"

सारिकानं विचारलं, "आजी, कोण आहे वं हे?"

म्हातारी म्हणाली, "सिंधू. माही सून."

फोनवर ऐकता ऐकता मले रडू फुटलं. धावत मचाणाखाली गेली अन् आत्याले जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, तिचेही डोळे भरतील. कायचं काय! आत्या गोफणीत गोटा घालत होती.

"सून?" ती म्हणाली. "ते तं मी तांब्यासंगं तिथंच ठेवून आली. राखणदारीन हाय मी, अन् रोजाची नाई, माह्या मर्जीची. सांग तिले."

मग तिनं गोफण खाली केली. "पन जवाब देल्ला म्हनते?"

"हाव. मोठ्यानं."

"मंग जिती हाय म्हातारी," आत्या म्हणाली, अन् वांदरांकडे वळून तिनं हाक टाकली.