निरोपाच्या वेळचे सुभाषित

आज धाकट्या सुनेने जुन्या कागदांचा बांधून ठेवलेला रुमाल उन्हात सोडला आणि वेखंडाचा उग्र वास ओसरीभर पसरला. त्यात माझी सुभाषितांची वही होती. राज्य कसे चालवावे, माणसे कशी राखावी, कारागिराची कदर कशी करावी, असे थोरांचे पुष्कळ बोल सरकारी दफ्तरात चाकरी करताना मी तीत उतरून घेतले होते.

थोरला मुलगा पहिल्यांदाच पंचवीस स्वारांचा हवालदार होऊन उत्तरेच्या स्वारीवर निघाला, त्या सकाळी मी हीच वही उघडून बसलो होतो. आईने त्याच्या तळहातावर दही घातले. त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले आणि म्हणाला, "आबा, येतो."

मी वाचू लागलो.

"अहो, आधी त्याला 'ये' म्हणा," ती म्हणाली.

"सुभाषित पुरे होऊ दे."

मुलगा हसला. "आई, ते पुरे होईतो फौज वाघोलीच्या पुढे गेलेली असेल."

मी आवाज चढवून अखेरची ओळ वाचली: पुढे चालणाऱ्याने मागे वळून पाहू नये. त्याने मान लवविली आणि तो घोड्यावर बसला. तो गल्लीच्या वळणाआड होईतो त्याची आई दारात पाहत उभी होती. माझा शब्द त्याने कधी मोडला नव्हता. तो वळला नाही.

स्वारीहून परतलेल्यांत तो नव्हता.

निघणाऱ्याला वडीलधाऱ्याने 'ये' म्हणावे, हे कोणत्याही थोराने लिहून ठेवलेले नाही. ते घरोघरी बायकांना ठाऊक असते. मी त्याला तेवढे म्हणालो नाही.